फोन फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा: सायबर गुन्ह्याचा तपास आतून कसा चालतो

खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला की घाबरलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत नेमकं तेच करतो जे करायला नको. ज्या नंबरवरून लिंक आली तो ब्लॉक करतो, अख्खं चॅट डिलीट करतो, आणि घरातलं कोणीतरी काळजीपोटी सांगतं की फोन फॅक्टरी रिसेट मार म्हणजे व्हायरस जाईल. व्हायरस जातो हे खरंय, पण त्याच्याबरोबर तो कुठून आला, कोणाला काय पाठवत होता आणि किती वाजता, हे सगळं सांगणारा पुरावापण जातो. मग दोन दिवसांनी पोलीस स्टेशनला कोराकरकरीत फोन घेऊन जायचं आणि तिथल्या माणसाने विचारायचं की ती फाईल कुठंय, आणि आपल्याकडे उत्तर नसतं. ठाण्यात, नवी मुंबईत, आपल्या आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये हे इतकं सर्रास होतंय की नीट बसून लिहावंसं वाटलं, कारण डिजिटल फॉरेन्सिक म्हणजे काय हे थोडं जरी कळलं तरी त्या पहिल्या तासात माणूस वेगळं वागेल.

एकोणिसशे दहाच्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑन शहरात एडमंड लोकार्ड नावाच्या माणसाने पोलिसांसाठी लॅब सुरू केली होती, त्याचं म्हणणं असं की दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या की काहीतरी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे राहतंच. घरफोडीत बुटाची माती, केस, बोटांचे ठसे. कॉम्प्युटरच्या गुन्ह्यातही तेच तत्त्व लागू पडतं, फक्त माती दिसत नाही, तिच्या जागी लॉग असतात, म्हणजे मशीनने आपोआप केलेल्या नोंदी, तारीख-वेळ असते, अर्धवट पुसलेल्या फाईली असतात, आणि त्या शोधायच्या, जशाच्या तशा जपायच्या आणि कोर्टात टिकतील अशा मांडायच्या या कामाला डिजिटल फॉरेन्सिक म्हणतात. यात शोधणं जितकं महत्त्वाचं तितकंच जपणंही, हे लोकांना पटत नाही, त्याच्याकडे पुढे येतो.

आधी सध्याचा सगळ्यात चालणारा प्रकार घेऊ, कारण त्यात तपास कसा होतो ते छान दिसतं. समजा खारघरमधल्या एका निवृत्त काकांना व्हॉट्सॲपवर एक फाईल आली, नाव ‘चलान’ किंवा ‘गॅस बिल’ किंवा ‘लग्नाची पत्रिका’, आणि शेवटी डॉट एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप इन्स्टॉल करणारी फाईल. कधी कधी तर ती ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येते कारण त्याचा फोन आधीच हॅक झालेला असतो. काकांनी उघडली, फोनने विचारलं इन्स्टॉल करू का, मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली, काकांनी हो हो केलं, आणि ॲपचं आयकॉनच गायब झालं. काकांना वाटलं फाईल खराब असेल. इथून पुढे त्यांच्या फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस, म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जायला लागला, आणि रात्री झोपेत असताना खातं रिकामं.

आता ती फाईल फॉरेन्सिक करणाऱ्याच्या हातात पडली तर काय होतं बघा. एपीके म्हणजे खरं तर एक झिप फाईल असते, ती उघडली की आत मॅनिफेस्ट नावाचा एक भाग असतो ज्यात ॲपला कुठल्या कुठल्या परवानग्या हव्यात त्याची यादी असते, आणि चलान दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस वाचायला आणि पाठवायला कशाला हवंय हा प्रश्न तिथेच पडतो. मग आतला कोड परत वाचता येईल अशा रूपात आणता येतो, त्यासाठी फुकट मिळणारी टूल्स आहेत, आणि त्या कोडमध्ये शोधायचा असतो तो एकच पत्ता, चोरलेले मेसेज जातात कुठे. तो कुठेतरी लिहावाच लागतो कारण ॲपला तो माहीत नसेल तर ते पाठवणार कुठे. कधी तिथे सरळ एक मोबाईल नंबर सापडतो, कधी टेलिग्रामच्या बॉटची किल्ली, कधी गुगलच्या फायरबेसवरच्या डेटाबेसची लिंक. फायरबेस असेल तर तो प्रोजेक्ट कुठल्या ईमेल अकाउंटवरून उघडला, कुठल्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून लॉगिन झालं, हे पोलीस गुगलला कायदेशीर नोटीस पाठवून मागू शकतात.

आणि त्याच फाईलमध्ये अजून एक गोष्ट असते जी मला सगळ्यात भारी वाटते. अँड्रॉइडवर कुठलंही ॲप सही केल्याशिवाय इन्स्टॉलच होत नाही, म्हणजे बनवणाऱ्याला एक डिजिटल सर्टिफिकेट लावावंच लागतं. ते सर्टिफिकेट खोट्या नावाचं असलं तरी चालतं म्हणून चोर बिनधास्त असतात, पण आळसाने एकच सर्टिफिकेट पन्नास ॲपना लावतात. मग खारघरची फाईल आणि नागपूरच्या एखाद्या शिक्षिकेच्या फोनमधली फाईल, नावं वेगळी, बँका वेगळ्या, पण सही एकच, आणि दोन वेगळ्या पोलीस स्टेशनचे दोन सुटे गुन्हे एका टोळीला जोडले जातात. काकांनी चॅट फाईलसकट डिलीट केलं असतं तर हा दुवा निदान त्यांच्या बाजूने तरी संपला असता. नुसतं ॲप अनइन्स्टॉल केलं तर एक वेळ चालेल, कारण मूळ फाईल बऱ्याचदा व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये तशीच पडलेली असते. रिसेट केल्यावर मात्र काहीच उरत नाही.

का उरत नाही तेपण सांगतो, कारण ‘डिलीट केलेलं सगळं परत आणता येतं’ असा एक मोठा समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फाईल डिलीट करणं म्हणजे सोसायटीच्या खालच्या बोर्डावरून नाव पुसण्यासारखं आहे, फ्लॅटमधलं सामान जागेवरच असतं, फक्त वॉचमन आता सांगतो की तो फ्लॅट रिकामा आहे. नवीन भाडेकरू आला की मग सामान जातं. म्हणून फॉरेन्सिकवाले बोर्ड बघतच नाहीत, दारोदार जातात, म्हणजे डिस्कचा प्रत्येक तुकडा वाचतात आणि ओळखीच्या खुणा शोधतात, उदाहरणार्थ जेपेग फोटो नेहमी एफएफ डी८ एफएफ या बाइट्सने सुरू होतो, ती खूण दिसली की नाव पुसलेला असला तरी फोटो उचलता येतो. पण आजकालच्या एसएसडीमध्ये ट्रिम नावाची कमांड असते, ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कला सांगते की हे तुकडे आता नकोत आणि डिस्क स्वतःच मागच्या मागे ते साफ करून टाकते, त्यामुळे कधी कधी काही मिनिटांतच खेळ संपतो. मोबाईलमध्ये तर अजून अवघड, सगळा डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असतो आणि फॅक्टरी रिसेट मारला की त्याची किल्लीच नष्ट होते, मग मेमरी चिपवर बाइट्स राहिले असले तरी ते जगातल्या कुठल्याही लॅबसाठी निव्वळ कचरा.

तरी चॅटच्या बाबतीत थोडी आशा असते. व्हॉट्सॲपचे मेसेज एसक्यूलाईट नावाच्या डेटाबेसमध्ये राहतात, त्यात मेसेज डिलीट झाला तरी त्याची ओळ लगेच भौतिकरित्या जाईलच असं नाही, शिवाय बाजूला एक छोटी फाईल असते ज्यात ताजे बदल काही वेळ पडून असतात. आणि समोरच्याचा फोन आहे, क्लाउड बॅकअप आहे. पण ही सगळी नशिबाची गोष्ट झाली, तिच्या भरवशावर कोणी डिलीट करू नये.

आता जपण्याबद्दल. पंचनामा होतो, लॅपटॉप किंवा फोन मुद्देमाल म्हणून जप्त होतो, पंचांच्या सह्या, सील. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण तो लॅपटॉप तपासायला कोणी नेहमीसारखा चालू करून फोल्डर उघडून बघायला लागला तर केस तिथेच कमकुवत होते, कारण विंडोज नुसतं सुरू झालं तरी शेकडो फाईलींच्या वेळा बदलतात, लॉगमध्ये नव्या नोंदी पडतात, आणि मग आरोपीचा वकील विचारणार की ही फाईल माझ्या अशिलाने ठेवली की जप्तीनंतर कोणी घातली. म्हणून मूळ डिस्कला हात लावायचा नाही. ती राईट ब्लॉकर नावाच्या एका डब्यातून जोडतात, जो वाचू देतो पण लिहू देत नाही, आणि मग बिट अन् बिट कॉपी काढतात, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट. काम सगळं त्या कॉपीवर.

कॉपी तंतोतंत आहे हे सिद्ध कसं करायचं तर हॅश. अख्ख्या डिस्कचा डेटा एका गणिती फंक्शनमधून काढला की एक ठरावीक लांबीची ओळ मिळते, एसएचए-२५६ असेल तर ६४ अक्षरांची. एक टीबीची डिस्क असो की एका ओळीचं पत्र, उत्तर ६४ अक्षरांचंच, पण पत्रात एक पूर्णविराम जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते, थोडीशी नाही, ओळखू न येण्याइतकी. जप्तीच्या वेळी काढलेला हॅश आणि तीन वर्षांनी कोर्टात काढलेला हॅश जुळला म्हणजे मधल्या काळात कोणी काही केलेलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या फॉरेन्सिकमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे, कारण इथे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच राहत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यायचं असतं त्यात आता हॅश लिहायची जागाच दिलेली आहे, आणि त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात एमडी५ या हॅश काढायच्या जुन्या पद्धतीचा पर्यायही आहे, पण दोन वेगळ्या फाईलींचा एमडी५ मुद्दाम सारखा आणता येतो हे २००४ पासून माहीत आहे, त्यामुळे पर्याय असेल तर एसएचए-२५६ च घ्यावा असं माझं ठाम मत आहे. आधीच्या कायद्यात हेच प्रमाणपत्र कलम ६५ब खाली होतं आणि ते किती महत्त्वाचं आहे हे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका केसने ठरवलं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद होता, उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवर अवलंबून होतं, आणि प्रमाणपत्र मागूनही मिळत नव्हतं. जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण कॉपी द्यायची असेल तर प्रमाणपत्र लागणारच. म्हणजे तुमच्याकडे कितीही स्पष्ट व्हिडिओ असू दे, कागद नसेल तर तो कोर्टात अडखळतो.

वेळेबद्दल वेगळं लिहायला हवं कारण तपास तिथे फार वेळा घसरतो. समजा ठाण्यातून रात्री १०:४२ ला पैसे गेले. बँकेच्या लॉगमध्ये ती वेळ भारतीय वेळेत असेल, परदेशी कंपनीच्या लॉगमध्ये तीच घटना १७:१२ अशी असेल कारण ते यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ वापरतात आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. कोणी हा फरक लक्षात न घेता आयपी ॲड्रेसची माहिती मागवली तर भलत्याच माणसाचं नाव हातात पडतं. बरं, बरोबर वेळ दिली तरी अडचण आहेच, मोबाईल कंपन्या एकच आयपी ॲड्रेस एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात, त्यामुळे नुसता आयपी दिला तर शेकडो नावांची यादी मिळते. आयपी, सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट नंबर (त्या आयपीमागच्या प्रत्येक जोडणीला दिलेला वेगळा आकडा) हे तिन्ही असेल तरच एक माणूस वेगळा काढता येतो. त्यामुळे ‘आयपी मिळाला म्हणजे चोर मिळाला’ असं कुठे वाचलं तर विश्वास ठेवू नका. सीडीआरचंही, म्हणजे मोबाईल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींचंही तसंच, त्यात कोणी कोणाला कधी कॉल केला आणि फोन कुठल्या टॉवरखाली होता एवढंच असतं, काय बोलले ते नसतं, आणि टॉवरवरून वागळे इस्टेटचा साधारण भाग कळेल, बिल्डिंगचा मजला कळणार नाही.

हे लॉग कायम राहत नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला जे आदेश काढले त्यानुसार कंपन्यांनी आपल्या सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर तर बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस दिवसांतच जुन्यावर नवीन लिहायला लागतो, आणि त्याचं घड्याळ दहा-बारा मिनिटं मागेपुढे असतं. तो जप्त करताना किंवा कॉपी काढताना त्या क्षणी डीव्हीआरवर काय वेळ दिसतेय आणि खरी वेळ काय आहे, दोन्ही लिहून घेणं एवढी साधी गोष्ट पुढे केस वाचवते.

कंपन्यांकडे येतो, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यात छोटे कारखाने आणि ऑफिसं खच्चून भरलेत. चित्र असं असतं की सोमवारी सकाळी रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडत नाही, सगळ्या फाईलींची नावं बदललेली, आणि एका टेक्स्ट फाईलमध्ये पैशाची मागणी. मालक घायकुतीला येतो, ऑर्डर अडकलेल्या असतात, आयटीवाला दुपारपर्यंत सर्व्हर फॉरमॅट करून बॅकअप टाकतो. मालकाच्या जागी कोणीही असता तरी हेच केलं असतं. पण त्या सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये बहुतेक वेळा अख्खी गोष्ट लिहिलेली असते, ४६२५ नंबरच्या नोंदी म्हणजे लॉगिनचा फसलेला प्रयत्न, त्या रात्रभर हजारोंनी, आणि मग पहाटे एक ४६२४, म्हणजे पासवर्ड लागला. त्याच्याआधी कुठला आयपी, कुठला युजर, नंतर कुठला प्रोग्रॅम चालला, सगळं. ते पुसून बॅकअप टाकला तर दार उघडंच राहतं आणि महिन्याभराने तोच माणूस त्याच पासवर्डने परत येतो.

अशा वेळी मशीन बंद न करता नेटवर्कची वायर काढायची. बंद केलं की रॅममधलं, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीतलं सगळं जातं, आणि रॅममध्ये कधी कधी सोनं असतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, पसरलं तेव्हा एड्रियन गिने नावाच्या फ्रेंच संशोधकाने दाखवलं की विंडोज एक्सपीच्या मेमरीत किल्ली बनवताना वापरलेल्या मूळ संख्या काही काळ शिल्लक राहतात, मशीन रीस्टार्ट केलं नसेल आणि नशीब बरं असेल तर खंडणी न देता फाईली सुटू शकत होत्या. प्रत्येक रॅन्समवेअरमध्ये असं होत नाही. पण ज्याने घाबरून बटण दाबलं त्याच्याकडे तो मार्गच उरला नाही.

त्यानंतर दीड महिन्यातच, २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर आलं आणि त्याची झळ थेट आपल्या उरणला बसली, न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. ते खंडणीचं सोंग घेऊन आलं होतं पण तज्ज्ञांनी आतला कोड तपासल्यावर लक्षात आलं की पैसे भरले तरी डेटा परत मिळायची सोयच त्यात नव्हती. आणि ते पसरलं कुठून, तर युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. युक्रेनमधला अपडेट आणि उरणचे अडकलेले कंटेनर, यांच्यातला धागा जोडला गेला तो अशाच फाईली, वेळा आणि कोड एकापुढे एक मांडून.

आपल्या भागातली दुसरी मोठी केस मीरा रोडची. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरवर रात्री धाड टाकली, सातशेहून जास्त लोक ताब्यात घेतले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जायचे की आम्ही टॅक्स खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल, आणि पैसे गिफ्ट कार्डच्या रूपात काढले जायचे. फसवले गेलेले लोक हजारो किलोमीटर लांब, कॉल इंटरनेटवरून, त्यामुळे ठाण्यात बसून गुन्हा उभा करायला आधार होता तो जप्त केलेल्या शेकडो हार्ड डिस्क, सर्व्हर आणि फोनवर काय बोलायचं त्याच्या स्क्रिप्टचा. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागानेही अशाच फसवणुकीत भारतातल्या कॉल सेंटरवर आणि माणसांवर आरोपपत्र दाखल केलं आणि जुलै २०१८ मध्ये तिकडे २१ जणांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत. इतक्या डिस्क तपासायला माणसं आणि महिने लागतात हे मात्र लक्षात घ्यायला हवं, कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला किंवा महापेच्या महाराष्ट्र सायबरला एका बटणात उत्तर मिळत नाही.

आता तुमच्याबरोबर असं झालं तर. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद आहे ना बघा, म्हणजे पुढचे ओटीपी जाणार नाहीत, आणि दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. मिनिटं महत्त्वाची का, तर चोरलेले पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भाड्याच्या खात्यात तुकडे होऊन सरकत असतात आणि १९३० वर नोंद झाली की ती तक्रार एका बँकेकडून पुढच्या बँकेकडे त्याच वाटेने जाते, जिथे पैसे सापडतील तिथे तेवढी रक्कम थांबवली जाते. यूपीआयचा १२ आकडी रेफरन्स नंबर हाताशी ठेवा, तोच सगळ्यात आधी विचारतात. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण करा. चॅटचे स्क्रीनशॉट काढा पण मूळ चॅट ठेवा, स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतो, मूळ चॅटमध्ये नंबर आणि वेळ असते. आलेली फाईल उघडू नका, पुढे कोणाला पाठवू नका, पण पुसूही नका. काय कधी झालं ते आठवतंय तोवर कागदावर लिहा, घड्याळ्याच्या वेळेसकट.

थांबवलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही, हे पण लोकांना उशिरा कळतं. त्यासाठी साधारणपणे कोर्टात अर्ज करावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, कोर्ट पोलिसांचा अहवाल मागवतं आणि मग बँकेला आदेश जातो. अर्जाला तक्रारीचा पोचपावती नंबर, एफआयआर झाली असेल तर तिची प्रत, आणि ज्या दिवशी पैसे गेले त्या दिवसाचं बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट जोडतात, तेव्हा हे तिन्ही एका फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून लावून ठेवा.